मागच्या दारानं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझी बायको सुनंदा गेली. मेमधली टूर तोपर्यंत विकली गेली होती.

टूर तिची होती. इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारांची घरं, ज्यांना इथे कंट्री हाउस म्हणतात, आणि त्यांच्या आसपासच्या गावांमधल्या प्रथा, असा सहा दिवसांचा कार्यक्रम. प्रवासी बहुतेक पुण्या-नाशिकचे निवृत्त लोक. मुलं लीड्सला नाहीतर एडिनबराला नोकरीत, आणि हे उन्हाळ्यात नातवंडांकडे आलेले. सुनंदा निळी छत्री उंच धरून पुढे चालायची आणि बोलायची. मी शेवटच्या माणसाच्या मागे असायचो. आमच्या धंद्यात असा एक माणूस लागतो. कोण टॉयलेटला गेलं, कोण दुकानात रमलं, कुणाचा गुडघा दुखायला लागला, ते तो पाहतो. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून रिटायर झाल्यावर मी हे काम धरलं. त्यात बोलावं लागत नाही, हा माझ्या दृष्टीनं मुख्य फायदा होता.

कंपनी लंडनजवळच्या पिनरच्या नीलेशची. त्याचा जन्मही तिथलाच. मार्चमध्ये त्याचा फोन आला.

"काका, मेचा टूर तुम्ही करता की मी दुसरा गाइड बघू?"

"करतो."

"शुअर? मग एक गोष्ट. तो मागचा दार या टाइमला नको. फ्रंट डोअर करा."

मागच्या दाराचं सांगायला हवं. सगळे गाइड कंट्री हाउस पुढून दाखवतात. पायऱ्या, खांब, मग मोठा हॉल, झुंबरं, तसबिरी. सुनंदा नोकरांच्या दारानं न्यायची. आधी स्वयंपाकघर, मग धुण्याची खोली, मग नोकरांचा अरुंद दगडी जिना, आणि अगदी शेवटी हॉल. त्या घराच्या व्यवस्थापनाकडून तिनं तशी खास परवानगी मिळवली होती. दर वर्षी एखादी तरी तक्रार यायची की, एवढे पैसे भरून आलो आणि आम्हाला मोरीच्या दारानं आत घेतलं.

"काकूची टूर होती म्हणून मी काही बोललो नाही," नीलेश म्हणाला. "पण आता कम्प्लेंट आला तर नेक्स्ट इयरला ही टूर बंद. सॉरी काका. लोकांना पॅलेस पाहिजे, भांडी नको."

सुनंदाची आई नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. शाळा सुटली की सुनंदा तिथे मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. ते बंगले पुढून कसे दिसतात हे तिला कॉलेजात जायला लागल्यावर कळलं. प्रवाशांना तिनं हे कधी सांगितलं नाही. "घर मागून समजतं," एवढंच म्हणायची.

मी नीलेशला बरं म्हणालो. टूर राहावी असं मला वाटत होतं. त्यासाठी एक दार बदलणं फार वाटलं नाही.

कोचमध्ये पुढच्या सीटवर शिर्केसाहेब आणि त्यांच्या पत्नी लीलाताई बसले होते. साहेब साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. लीड्सच्या बाहेर पडेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरची दोनदा परीक्षा घेतली.

"रंगारी, तुम्ही काही बोलणार आहात की आम्ही नुसत्या मेंढ्या बघायच्या?"

"घरात गेल्यावर बोलेन, साहेब."

"मेंढ्या चांगल्या आहेत, नाही असं नाही."

तिसऱ्या दिवशी ते मोठं घर होतं. मी सगळ्यांना पुढच्या पायऱ्यांनी वर नेलं. हॉलमध्ये सुरुवात केली आणि अडकलो.

सुनंदाचं बोलणं मला पाठ होतं. पण ते खालून वर पाठ होतं. तिचं प्रत्येक वाक्य आधीच्या खोलीवर टेकलेलं असायचं. मी उलटीकडून सुरू केल्यावर त्याला आधारच उरला नाही.

"ही दोरी ओढली की ती घंटा वाजायची," मी म्हणालो.

"कुठली घंटा?" लीलाताईंनी विचारलं.

"खाली आहे. नंतर बघू."

जेवणाच्या दालनात मी म्हणालो, "जेवण इथे येईपर्यंत गार का व्हायचं, ते तुम्ही पाहिलंच आहे."

"नाही पाहिलं," शिर्केसाहेब म्हणाले.

दिवाणखान्यात मला काहीच सुचलं नाही. कुणीतरी घरात खोल्या किती आहेत ते विचारलं. तेही मला माहीत नव्हतं. लोकांनी झुंबराचे फोटो काढले, मग एकमेकांचे काढले, मग बसायला जागा शोधू लागले. इतकी वर्षं मी लोकांच्या पाठी पाहत आलो होतो. चेहऱ्यांची सवय नव्हती. पण कंटाळा चेहऱ्यावरही तसाच दिसतो.

अशा घरांत प्रत्येक खोलीत लक्ष ठेवायला एक रूम स्टुअर्ड बसलेला असतो. बहुधा निवृत्त माणूस, पगार नसतो, खुर्ची असते. मी तिथल्या बाईंना विचारलं, आम्ही मागे फिरून खाली जाऊ शकतो का?

"सॉरी, लव्ह. वन-वे."

लव्ह इकडे कुणालाही म्हणतात. वन-वे म्हणजे आत शिरलं की सगळं घर पालथं घालून, गिफ्ट शॉपमधून, बाहेर पडायचं. उलट जाता येत नाही. मी ग्रुपकडे वळलो.

"मंडळी, माझी चूक झाली. आपण चुकीच्या दारानं आलो."

"पुढचं दार चुकीचं?" शिर्केसाहेब म्हणाले.

"हो. आता बाहेर पडू आणि मागून परत येऊ. फक्त क्रीम टी हुकेल."

क्रीम टी म्हणजे चहाबरोबर स्कोन नावाचा पाव, त्यावर घट्ट साय आणि जॅम. कार्यक्रमात तो ठळक अक्षरांत छापलेला होता. दोघातिघांनी छापील कार्यक्रम बाहेर काढला. ते बरं लक्षण नव्हतं.

"रंगारी, आम्ही पाहुणे आहोत की गडी?"

"दोन्ही, साहेब. गडी आधी."

"चला हो," लीलाताई त्यांना म्हणाल्या. "घरी कुठे कपबशी उचलता? इथे तरी गडी व्हा."

आम्ही उरलेल्या खोल्या पार केल्या, गिफ्ट शॉपमधून बाहेर पडलो आणि वळसा घालून मागच्या अंगणात आलो. तिथे शिर्केसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"हे मागून न्यायचं कुणाच्या डोक्यातलं?"

"माझ्या बायकोच्या. टूर तिची आहे."

"मग त्या कुठे आहेत?"

"फेब्रुवारीत गेली."

साहेबांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याजवळच्या छत्रीकडे पाहिलं. मी ती काखेत धरली होती.

"छत्री वर धरा की मग," ते म्हणाले. "मागच्यांना दिसत नाही."

मी छत्री वर धरली. आत गेल्यावर वाक्यं जागेवर आली. स्वयंपाकघराबाहेर घंटांची रांग आहे. प्रत्येक खोलीची घंटा वेगळी वाजायची, आणि कुठल्या खोलीतून बोलावणं आलं ते नोकरांना न बघता कळायला लागायचं. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. जिना संपतो तिथे हिरव्या बनातीनं, म्हणजे जाड लोकरी कापडानं, मढवलेलं दार आहे. भांड्यांचा आवाज आणि स्वयंपाकाचा वास पलीकडे जाऊ नये म्हणून ते केलेलं. तिथे सुनंदा थांबायची आणि दार उघडायची नाही. ज्यानं त्यानं ते स्वतः ढकलायचं. मीही थांबलो. तिचे थांबेसुद्धा मला पाठ होते.

लीलाताई पहिल्या गेल्या. हॉल तोच होता. झुंबरही तेच. या वेळी फोटो कुणी काढला नाही.

"एवढं सगळं पुसायचं म्हणजे," लीलाताई झुंबराकडे बघत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात गेलो. डर्बीशरच्या या भागात वर्षातून एकदा विहिरी आणि झरे सजवतात. पाण्याचे आभार मानायचे म्हणून. लाकडी फळीवर ओली माती थापायची आणि तिच्यात पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्र करायचं. आदल्या दिवसापर्यंत हे काम गावच्या हॉलमध्ये चालतं आणि आमच्या ग्रुपला त्यात हात लावू देतात. ते सगळं मार्गारेट नावाच्या बाई पाहतात. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, मग कोचकडे पाहिलं.

"सुनंदा कुठे आहे?"

मी छत्री खाली घेतली. शिर्केसाहेब पुढे झाले आणि त्यांच्या सरकारी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम एक्स्पायर्ड इन फेब्रुवारी. ही इज कंटिन्यूइंग."

मार्गारेटनी हाताची माती पुसली. मग त्यांनी पाकळ्यांचा ट्रे आणून माझ्यासमोर ठेवला. दर वर्षी त्या तो सुनंदाला द्यायच्या. मी वरच्या कडेपासून सुरुवात केली.

"नो, नो. खालून," त्या म्हणाल्या. "वरची पाकळी खालचीवर यायला हवी. नाहीतर पाऊस आत शिरतो."

"कौलं घालतात तशी," शिर्केसाहेब म्हणाले. "हे बरोबर आहे."

आम्ही जेवणापर्यंत पाकळ्या लावल्या. लीलाताईंचा कोपरा सगळ्यांत सुबक झाला. साहेबांनी झऱ्याला पाणी किती येतं याची चौकशी केली. गावात ते कुणालाच माहीत नव्हतं, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

टूर संपल्यावर नीलेशचा फोन आला.

"काका, कम्प्लेंट आला."

"शिर्केसाहेबांची?"

"हो. म्हणतात, आधी फ्रंट डोअरनं नेला. टाइम वेस्ट झाला, चहा पण गेला. कोणाचा आयडिया होता, असं विचारत होते."

"तू काय म्हणालास?"

"माझा, म्हणालो. मग अर्धा तास ते बोलले, मी ऐकला."

मग तो म्हणाला,

"मागचा दार ठेवा, काका."

यातून धंद्यातल्या माणसानं घ्यायचं ते एवढंच, की जिथे वन-वे असतो तिथे दार आधी ठरवावं. आणि चहा शक्यतो सकाळी उरकावा.

टूर आता दर मेमध्ये निघते. मागे चालायला माणूस नाही. ते काम ग्रुपमधलं कुणीतरी आपणहून करतं. छत्री माझ्याकडे आहे.