कॅसिओवाला बन्सीधर

पिंगळीच्या बन्सीधरची निम्मी उमर लग्नाच्या वरातीत कॅसिओ वाजवण्यात गेली. मग परभणीच्या रस्त्याला पत्र्याचा मोठा प्रार्थना-हॉल उभा राहिला आणि तिथल्या पास्टरनं त्याला कायमचा ठेवून घेतला. दर रविवारी दोन-अडीच हजार माणूस जमायचं. पास्टरनं डावा हात वर केला की सूर चढवत न्यायचा, हात खाली आला की एकदम थांबायचं. त्या शांततेत पास्टर कपाळाला हात लावी अन् माणसं मागं कोसळत. वरातीत लोक कुठल्या सुराला नाचायला उठतात हे बन्सीधरला पक्कं ठाऊक होतं. इथं लोक पडायचे, एवढाच फरक.

त्याची बायको बबिता मात्र मनापासून जायची. तिला दहा वर्षांपासून शुगर. एका रविवारी ती रांगेत उभी राहिली आणि बन्सीधरच्या सुरावर, त्याच्या डोळ्यांदेखत कोसळली. उठली ती रडतच. पास्टरनं माइक पुढं धरला. "बरी झाले," ती म्हणाली. हॉल टाळ्यांनी दणाणला.

घरी येऊन तिनं इन्सुलिन उकिरड्यावर टाकलं.

"डाक्टरला इचारून तरी बंद कर," बन्सीधर म्हणाला.

"देवानं बरं केल्यावर डाक्टरला काय इचारायचं?"

"अगं, तो सूर मी वाजवलाय. तिथं कुणीबी पडतंय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. "चार वर्षं तिथं बसायलाव, अन् तुमचाच इश्वास न्हाई?"



दोन महिन्यांत तिच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काळी पडली. नांदेडला नेईस्तोवर उशीर झाला; गुडघ्याखालून पाय काढावा लागला. पास्टर भेटायला आला, उशाशी बसून हळू आवाजात म्हणाला, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल." बबितानं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

पुढच्या रविवारी फिट येणाऱ्या एका पोरीला स्टेजवर आणलं. पास्टरचा डावा हात वर गेला. बन्सीधरनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. ढोलकीवाला गडबडला, थांबला. पास्टरनं पोरीच्या कपाळाला हात लावला, जरा दाबलाही. ती उभीच.

"आई, आता काय करू?" तिनं विचारलं. माइकमधून ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

कार्यकर्त्यांनी बन्सीधरला दंडाला धरून बाहेर काढलं. आठ दिवसांत पाथरीचा दुसरा वाजवणारा आला. गर्दी तेवढीच राहिली.

बन्सीधर परत वराती वाजवायला लागला. पाय नवऱ्यामुळं गेला, असं बबिता शेजारणींना सांगते. तो कधी नाकारत नाही. रविवारी ती सकाळीच लुगडं नेसून बसते. तो तिला उचलून रिक्षात घालतो, हॉलच्या दारापर्यंत नेतो. त्याला आत जायची मनाई आहे. दारातून दोन बाया तिला खांद्याचा आधार देऊन आत नेतात आणि तो तीन वाजेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहतो.