आलेख पडला!

आमच्या लॅबच्या वहीत वेळेला रकाना आहे, तापमानाला आहे, रीडिंगला आहे. कोण काय बोललं याला रकाना नाही! त्यामुळे ती सगळी बोलणी माझ्याकडेच साठत गेली. आता मैत्रिणींना एक सांगायला जावं तर मागून चार निघतात.

तर आमचं बीडचं कॉलेज, झूलॉजीची लॅब, माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट, आणि विद्यापीठानं तीन महिन्यांसाठी दिलेलं एक मशीन. त्यात नाण्याएवढी क्वार्ट्झची चकती असते. ती सेकंदाला पन्नास लाख वेळा थरथरते. जिवंत पेशी तिच्यावर येऊन चिकटल्या की थरथर किंचित मंदावते आणि स्क्रीनवरची रेघ खाली येते. तीन महिन्यांत पेशी धड चिकटल्या नाहीत, तर माझं वर्ष गेलं. मी तर आधीच दाराची कडी वाजली तरी दचकणारी!

*

आमचे लॅब अटेंडंट हनीफमामा नेकनूरहून एसटीनं येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मशीनला कान लावला.

"मामा, नका!" मी किंचाळलेच.

"थरथरतंय म्हणता, मग आवाज कुठं हाय?"

"तो माणसाला ऐकू येत नाही. पेशी बसली की फक्त चकतीला कळतं."

मामांनी कान काढला. "म्हंजी बसणारी दिसंना, सांगणारी ऐकू येईना, आन् तुमी मधी वही घेऊन बसणार. लई अवघड काम हाय बाई तुमचं!"

*

आम्हाला हव्या होत्या अंड्यातल्या पिलाच्या हृदयाच्या पेशी. मी स्टँडसमोरच्या दुकानातून ट्रेभर अंडी आणली आणि आठवडाभर उबवणीच्या पेटीत ठेवली. रोज उजेडासमोर धरून बघायची. आत काही म्हणजे काही नाही!

"कुठून आणली?" मामांनी विचारलं.

"दुकानातून."

"अवो, त्या फार्मात कोंबडाच नसतो! कोंबड्याबिगर जीव कुठून येणार? हे कॉलेजात शिकवत न्हाईत व्हय?"

झूलॉजी, एम.एस्सी., दुसरं वर्ष! तेव्हापासून दर सुट्टीला माझ्या गावाहून, चकलांब्याहून, आईकडची गावरान अंडी येऊ लागली, एसटीतून, माझ्या मांडीवर.

*

पिलांच्या हृदयाच्या पेशी सुट्या करून चकतीवर सोडल्या आणि पहिल्यांदा रेघ खाली आली, तेव्हा मला राहवलं नाही. "पडला! मॅडम, पडला!" म्हणून माझ्या गाइड मॅडमना हाका मारत मी व्हरांड्यात धावले.

ऑफिसमधले क्लार्क पाण्याची बाटली आणि फर्स्ट एडचा डबा घेऊन पळत आले. "कोण पडलं?"

"आलेख, सर!"

"आलेख? फर्स्ट इयरचा का? लागलं का त्याला?"

मॅडम हसता हसता स्टुलावर बसल्या. रेघ मात्र दहा मिनिटांत परत वर गेली. पेशी नुसत्या टेकल्या होत्या, चिकटल्या नव्हत्या.

*

पुढे रेघ मधेमधे उसळायला लागली. मॅडमनी प्रिंट काढली आणि बोट ठेवून विचारायला लागल्या.

"अकरा वीसला काय झालं?"

"पाल होती, मॅडम."

"बारा पाचला?"

"फोन वाजला."

"आणि हे एवढं मोठं?"

"तुम्ही मागून आलात. मी दचकले, टेबलाला धक्का लागला."

मॅडमनी प्रिंट माझ्या हातात दिली. "यात पेशी कमी आणि तूच जास्त आहेस!"

*

मग माझ्या चिमट्याखाली एक चकती फुटली. आता एकच उरली. मी आईला फोन करून रडले.

"अगं, पर त्या बसत कावून न्हाईत?" आईनं विचारलं.

"कळत नाही. मी दर दहा मिनिटांनी झाकण काढून बघते तरी..."

"दर दहा मिनिटाला? खुडूक कोंबडी अंड्यावर बसवून डालं झाकलं की आपुन उचकटून बघतो का? ऊब जाती, माय! ठिव झाकून, आन् जरा दम धर!"

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी तापमानाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. झाकण काढलं की दर वेळी पारा दोन अंशांनी उतरत होता. "आईंना विचार," त्या म्हणाल्या, "गाइड म्हणून येतील का?"

*

शेवटची चकती गुरुवारी लावली. झाकण बसवलं आणि मी हात पाठीमागे धरून बसले. रेघ उतरायला लागली. एकदम नाही. एखादी बाई डोक्यावरचा हंडा खाली ठेवते, पदर सावरते आणि मग जमिनीवर टेकते, तशी. "आधी गोल असतात," मॅडम हळूच म्हणाल्या, "आता अंग पसरून बसताहेत." डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि तरी हजारो जीव बसताना आम्ही बघत होतो! शुक्रवारीही रेघ खालीच राहिली.

शनिवारी मशीन परत न्यायला जीप आली. ड्रायव्हर खालून हॉर्नवर हॉर्न देऊ लागला.

"बंद कर आता," मॅडम म्हणाल्या. "सगळं रीडिंग मिळालं. तुझं वर्ष वाचलं."

मी स्विचकडे हात नेला आणि रेघ हलली. इवलीशी. पुन्हा हलली. पुन्हा. सारख्या अंतरानं.

मॅडम स्क्रीनवर वाकल्या. बोटांवर मोजत राहिल्या. "पेशी एकमेकींना भिडल्यात," त्या म्हणाल्या. "आता सगळ्या मिळून धडधडताहेत."

तेवढ्यात ड्रायव्हर तणतणत वर आला. "चला की ओ! इंजिन चालू ठिवून आलोय. लई लांब जायचंय मला, अन् तुमी टीव्ही बघत बसलाव?"

मामांनी सरकून त्याला जागा करून दिली. तोही बघत उभा राहिला.

"काय हाय हे?"

"काळीज," मामा म्हणाले.

"कुणाचं?"

मामांनी जरा विचार केला. "अजून कुणाचंच न्हाई."

ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि तो जिना उतरून गेला. मला वाटलं, आता परत हॉर्न वाजणार. मी अंग चोरून वाट बघत बसले.

खाली इंजिन बंद झालं.