अण्णांची दिवसाची झोप

मला राग आला की मी भांडी आदळते, असं घरचे म्हणतात. आदळते. पण सतराव्या वर्षी मी साधा चमचा वाजू देत नव्हते, कारण आत अण्णा झोपलेले असायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशीच्या आसपास ते नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पट्टी दाबायची, की यंत्र दणकन खाली येणार. पाळी संपेपर्यंत तेच. मध्ये एक डुलकी लागली की बोट गेलं म्हणून समजा. आमच्या चाळीत अशी एक-दोन बोटं कमी असलेली माणसं होती, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अण्णांना कायमची रात्रपाळी लागली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "ह्यांची दिवसाची झोप नीट झाली पाहिजे. बाकी सगळं गेलं खड्ड्यात." मी थोरली. मी ते काम अंगावर घेतलं.

आणि कसं केलं, विचारू नका. घर दोन खोल्यांचं, मध्ये दार नाही, नुसता पडदा. अण्णा सकाळी आठला येऊन पडदा ओढून आडवे झाले की मी बांगड्या कोपरापर्यंत चढवून चिंधीने बांधायचे. रेडिओ बंद. धाकट्या बहिणींनी खाणाखुणांनी बोलायचं. एक खिडकी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर उघडायची, ती बंद, कारण काकू पापडाचं पीठ कुटायच्या आणि दगडावर मुसळ धपाधप पडायचं. दुसरी खिडकी ओतकामाच्या कारखान्याच्या धुराड्याकडे, तीही बंद. त्या धुराने दोरीवरचे कपडे काळे व्हायचे आणि आम्ही दिवसातून दहा वेळा त्या कारखान्याच्या नावाने बोटं मोडायचो.

राहता राहिला पंपाचा स्टो. तो भर्रर्र करत पेटायचा आणि अण्णांची कूस बदलायची. तर मी डोकं लढवलं. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती ठासून भरला, बाटली अलगद उपसली आणि खालच्या भोकातून पेटवलं. झाली भुशाची शेगडी. दुपारपर्यंत धुमसत राहायची, आवाज म्हणून नाही. डाळ शिजायची, पाणी तापायचं, पडद्यापलीकडे अण्णा निवांत. आई चाळभर सांगत सुटली, पोरगी हुशार निघाली. आणि मीही फुगले.

अण्णा मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. सात-सात तास झोपायचे आणि उठायचे तेव्हा डोकं दोन्ही हातांनी दाबून बसायचे. तोंड कोरडं, डोळे लाल. झोपेत खोकायचे, घोरता घोरता श्वास अडकल्यासारखे दचकायचे. "झोप झाली का?" विचारलं तर म्हणायचे, "झाली म्हणायची." डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. मी काय केलं? घर आणखी गप्प केलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच.

काकूंनी सांगितलं होतं. त्या निफाडकडच्या. एकदा पीठ चाळायची चाळणी मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "पोरी, लय धूर कोंडलाय गं तुमच्या घरात. खिडकी तरी उघड." मी म्हटलं, "आधी तुमचं कुटणं थांबवा, मग उघडते." त्या चाळणी न घेताच गेल्या. धूर कसला, मला तर दिसतही नव्हता. कारखान्याचा धूर तो धूर, आपला तो स्वयंपाक.

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णा आठला आले नाहीत. दहाला दोघे जण त्यांना धरून घेऊन आले. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. "डोळा लागला," ते म्हणाले, "कळलंच नाही."  आणि मी तरातरा काकूंच्या ओट्यावर गेले आणि सगळ्या चाळीसमोर म्हणाले, "तुमच्या कुटण्याने माझ्या बापाची बोटं खाल्ली."  काकूंनी तो जड दगड ढकलत ढकलत चाळीच्या पार टोकाला, संडासाजवळ नेला. दुसऱ्या दिवसापासून त्या तिथे बसून कुटायला लागल्या.

महिन्याभराने ओझरजवळ मामाच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही आदल्या रात्रीच गेलो. हात ठणकत असल्याने अण्णांना रात्रभर झोप नव्हती. सकाळी ते मांडवामागच्या लिंबाखाली बाजेवर जरा टेकले. लाउडस्पीकर त्याच लिंबाला बांधलेला. खाली बँडवाले, पलीकडे आचाऱ्यांची भांडी, पोरांचा गोंधळ. आणि अण्णा झोपले. मंगलाष्टकं झाली, फटाके झाले, मामी येऊन हसून गेली, तरी माणूस हलला नाही. खोकला नाही, दचकणं नाही. पंगत बसली तेव्हा मी त्यांना हलवलं. ते उठले, इकडेतिकडे पाहिलं, हात कपाळाकडे नेला आणि तिथेच थांबवला. "डोकं दुखत नाहीये गं," ते म्हणाले.

मी कर्ण्याकडे पाहिलं, मग अण्णांच्या बँडेजकडे. मला जेवण गेलं नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि कुणावर काढायचा तर समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

घरी आल्यावर शेगडी उचलून परसात ठेवली. दोन्ही खिडक्या उघडल्या. समोरच्या धुराड्याचा धूर आत येतच राहिला, त्याचं मी काय करणार होते? निदान आमचा तरी गेला. मग काकूंकडे गेले. "दगड परत आणा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आन् अण्णांची झोप?"

"ती आवाजाने मोडत नव्हती, काकू."

"मी तेच सांगत व्हते," त्या म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून तो दगड परत ओट्यावर आणला.

बँडेज सुटल्यावर अण्णांना प्रेसवरून काढून माल बांधायला लावलं, पण पाळी रात्रीचीच राहिली. पहिल्या दिवशी ते आठला येऊन झोपले ते तीनला उठले. बाहेर येऊन आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाले, "काकू गावाला गेल्यात का? आज कुटणं ऐकू नाही आलं."

काकू सकाळपासून कुटून नुकत्याच हात धुवायला उठल्या होत्या. मी चहा पुढे केला. अण्णांनी सवयीने उजवा हात पुढे केला, बशी कलंडायला लागली, तसा त्यांनी खालून डावा हात लावला.