सरळ टँकमधले तिरपे नानाजी

नानाजी सकाळी सकाळी पिऊन येतात, ही बातमी घुग्घुसच्या आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या आधी पोचली. पुरावा चोख होता. डोळे लाल, केस ओले, चाल डुलती, आणि तोंडावर इतकं समाधान की संसारी माणसाला शोभू नये. गल्लीनं आठवडाभर मनापासून हळहळ केली. मग त्यांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, अंगणातल्या तारेवर एक तोकडी चड्डी आणि रबरी टोपी वाळत घातली, आणि आमची सगळी हळहळ वाया गेली. नानाजी कॉलनीच्या टँकमध्ये पोहायला जात होते. डोळे लाल व्हायचे ते पाण्यातल्या औषधानं.

नानाजी कोळसा खाणीत डंपर चालवतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांना पळायचं वेड लागलं. रोज पळाले आणि गुडघा पपईएवढा करून बसले. डॉक्टर म्हणाले, रोज पळू नका, एक दिवस सायकल चालवा, एक दिवस पोहा. नानाजींनी सल्ला एवढा मनावर घेतला की हिवाळ्यात तलावावर होणाऱ्या स्पर्धेत उतरायचंच ठरवलं. आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं.

"एकाच दिवशी तीन तीन ठिकाणी शेवटचा नंबर कुठी भेटते?" असं ते स्वतःच चौकात सांगत फिरले. पण नीलाबाई सांगतात, माणूस झोपेतही हात मारत होता. म्हणजे थट्टा चौकापुरती होती.

अडचण एकच. टँकवर शिकवणाऱ्या मयुरीनं हो म्हटल्याशिवाय स्पर्धेवाले त्यांना पाण्यात उतरू देणार नव्हते, आणि मयुरी काही हो म्हणेना.

झालं होतं असं की नानाजींचं लहानपण मार्कंड्याजवळ, वैनगंगेच्या काठी गेलं. नदी पार करायची तर तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून तिरपं पोहायचं, मग धारच माणसाला नेमक्या जागी नेऊन सोडते. टँकमध्ये धार कुठली? पण हे डोक्याला कळलं होतं, खांद्यांना कोणी कळवलं नव्हतं. नानाजी आपल्या पट्ट्यातून निघत आणि शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्या बँकेतल्या साहेबांच्या पोटावर जाऊन लागत.

"काका, तिरपे काऊन जाऊन राह्यले?" मयुरी काठावरून ओरडे.

"वाहून जाईन ना वो!"

"कुठी वाहून जान? चारी बाजूनं फरशी हाये!"

"ते माह्या हाताले सांग. मी तं कवाचाच समजलो."

शेवटी तिनं अट घातली. रविवारी न थांबता तीस चकरा, आणि दोन पट्ट्यांमधल्या दोरीला हात लागता कामा नये. लागला तर स्पर्धा विसरा आणि उथळ पाण्यात बारक्या पोरांसोबत पाय मारा.

रविवारी आम्हा गल्लीवाल्यांसोबत नीलाबाईही बघायला आल्या. नानाजींनी तळाच्या काळ्या पट्टीवर नजर रोवली, जसा काही डंपरच हाकायचा आहे. पहिल्या काही चकरा नुसती धडपड. मग श्वासाची लय बसली. हात पुढे, तोंड बाजूला, श्वास, भिंत, वळण, पुन्हा तेच. कानात पाणी, त्यामुळे हॉर्न नाही. धूळ नाही. जमिनीवर जे शरीर ते पोत्यासारखं वागवत, ते इथं कोणीतरी खालून अलगद उचलून धरलं होतं. पळताना 'अजून किती राह्यलं' म्हणून ते कण्हत. इथं मात्र संपत आल्याचं वाईट वाटायला लागलं.

त्या सुखातच घात झाला. शेवटच्या चकरेत पट्टी विसरली, खांदा वळला आणि हात दोरीला लागला. पलीकडे साहेब पोट सावरत थबकले.

"झालं!" नीलाबाई म्हणाल्या. "गेले वैनगंगेले!"

नानाजींनी तरी चक्कर पुरी केली आणि भिंत धरली. नेहमीची थट्टा सोडून त्यांनी रबरी टोपी काढून काठावर ठेवली, तेव्हा आम्हालाच कसंतरी झालं. मयुरी वाकून त्यांच्याकडे बघत राहिली. तीस चकरा मारलेला माणूस, पण साधी धाप नव्हती.

"तलावात दोरी नसते," ती म्हणाली. "जा, उतरा स्पर्धेत. पण सांगून ठेवते काका, असे तिरपे गेले तं तुमाले बाकीच्यायपेक्षा जास्त पोहावं लागन."

"मंग नुकसान त्यायचंच ना, पोरी," नानाजी म्हणाले. "त्यायले कमी पोहाले भेटते."