दुबईचा स्पीकर

नाशिकरोडला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ कुणाकडेही गेले, की आधी त्यांच्या कपाटावर टकटक करून पाहत. लाकूड कसं बोलतं, हे त्यांना ऐकायचं असे. नोकरीवरून आले की ते घरी स्पीकर बनवत.

एकदा त्यांच्या मेहुण्याने दुबईहून चांगला मोठा स्पीकर आणला. त्याचं कौतुक त्यांनी साऱ्या कॉलनीला ऐकवलं. त्या स्पीकरसाठी लाकडी पेटी बनवून झाल्यावर मला बोलावलं. शेजारी तेवढ्याच दुसऱ्या पेटीत मोडक्या रेडिओतला लहान स्पीकर बसवलेला होता. दोन्हींपुढे चादर टांगलेली.

"बघायचं नाही, नुसतं ऐकायचं," म्हणत तेही डोळे मिटून बसले. वहिनी चादरीमागे वायरी बदलत होत्या. रेकॉर्डवर ख्याल होता. पहिल्यांदा गवई रांजणात बसून गातोय असं वाटलं, दुसऱ्यांदा आमच्यासमोर बसून.

"दुसरा!" आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"अहो, हा रेडिओतला आहे," वहिनी हळूच म्हणाल्या.

मला शेजाऱ्यांकडे बघवेना. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा तेच झालं. मग ते खळखळून हसले. "दुबईवाला हरला! त्याला ही पेटी लहान पडतेय. दुप्पट तरी हवी."

"आणि आपण कुठे राहायचं?" वहिनींनी विचारलं.

संध्याकाळी ही हार त्यांनी स्वतःच घरोघरी जाऊन सांगितली. दुसऱ्या दिवशी मी डोकावलो, तर वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि पलंगाखालून आवाज येत होता, "मावतेय, मावतेय! फक्त पलंग जरा उंच करावा लागेल."