पाण्यातलं दुसरं देऊळ

कलकत्त्याहून आलेली मंडळी सकाळी पांचेतच्या डोंगरावर चढायची, पडक्या गडाच्या दारात फोटो काढायची, धरणाच्या भिंतीवरून चक्कर मारायची आणि उन्हं कलली की बेलकुडी गावाशी धरणाच्या काठावर नीबारण धीवराच्या होडीत येऊन बसायची. पाण्यातून वर आलेलं देवळाचं शिखर जवळून बघायला. "आमचं जुनं गाव सगळं खाली आहे, बाबू," नीबारण वल्हं मारत सांगायचा, "एवढं शिखर तेवढं राहिलं."

त्याची म्हातारी आई टुसुबाला रोज आंघोळ झाली की काठावर उभी राहून त्या शिखराला हात जोडायची. देवासाठी नव्हे. तिची पहिली लेक नुकती रांगायला लागली होती, तेवढ्यात तापानं गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, म्हणून भैरवाच्या देवळामागं बकुळीखाली पुरली. त्याच वर्षी धरणाचं पाणी चढलं. नीबारण जन्मला तो वर हलवलेल्या वस्तीत. बोबडं बोलायला लागला तेव्हापासून आई त्याला सांगायची, "तिथं तुझी दीदी निजलीय. नमस्कार कर."

मिसरूड फुटल्यावर तो जाळं टाकायला लागला. एका उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तेव्हा तो होडी घेऊन देवळाला अगदी चिकटून गेला आणि वल्हं थांबवून बघत राहिला. भैरवाचं दार उगवतीला, दारावर सिंह, हे आईनं किती वेळा सांगितलेलं. याचं दार मावळतीला होतं, आणि सिंहबिंह काही नव्हता. हे गावातलं दुसरंच देऊळ होतं. भैरवाचं देऊळ पलीकडं पाण्यात कोसळून नुसता दगडांचा ढीग होऊन पडलं होतं. सिंहाचं अर्धं तोंड तेवढं पाण्याखाली दिसत होतं.

तो घरी आला, जेवला आणि गप्प राहिला. जुन्या गावची माणसं दाही दिशांना पांगली होती, आईला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढं लग्न झाल्यावर त्यानं बायकोला, चपलाला, तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "राहू दे की. म्हातारीच्या जिवाला तेवढाच आधार."

मग एका वर्षी दुष्काळ पडला. पाणी इतकं आटलं की माणसं देवळाच्या पायरीवर बसून यायला लागली.

"निबू, मला ने तिथं."

"चिखल आहे मा. पाय मोडशील."

"अख्ख्या कलकत्त्याला होडीतून मिरवतोस, आणि आईच्या वेळी बरा चिखल होतो रे तुझा!"

"थोडं थांब. पाणी अजून उतरेल."

"पाणी उतरेपर्यंत मी वर जाईन. मग चौघांच्या खांद्यावरून नेशील का?"

चपला चुलीत फुंकर घालत राहिली. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन निघाला. तिनं पदराला चुरमुऱ्यांचा एक लाडू बांधला होता. होडीतून उतरताना तिनं त्याचा हातही घेतला नाही, तरातरा देवळामागं गेली. मग पुढं आली. दाराच्या दगडावरून तिनं बोटं फिरवली, वर पाहिलं, सूर्याकडं पाहिलं.

"हे आपलं नाही," ती म्हणाली. "आपलं कुठाय?"

नीबारणनं हातानं दाखवलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, मा."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

ती रागावेल, छाती पिटून घेईल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "तिथं ने."

दगडांच्या ढिगावर अजून माणूसभर पाणी होतं. बकुळीचा मागमूस नव्हता. टुसुबाला होडीच्या काठावरून वाकली. "होडी जरा थांबव रे."

नीबारणनं वल्हं दगडांत रोवलं, सगळा भार टाकला. तरी होडी सरकतच राहिली. ती लाडू हातात धरून एकदा या बाजूला बघायची, एकदा त्या. नेमका कुठं सोडायचा ते तिला कळेना. शेवटी लाडू मुठीतच चुरला आणि चुरमुरे पाण्यावर पसरले.

परत येताना ती म्हणाली, "दुःख माझं होतं, निबू. ते कुठं ठेवायचं एवढं तरी मला कळू द्यायचंस."

त्यानंतर तिनं पाण्याकडच्या दाराशी असलेली आपली खाट मागच्या दाराशी, रस्त्याकडं नेली. त्याच्याशी अबोला धरला नाही. शेळ्या, मासळी, चपलाची दुखणीखुपणी, सगळं बोलायची. तो विषय तेवढा काढायची नाही. एकदा तो धीर करून तिच्या पायाशी बसला. "मा, मी त्या वेळी..."

"मीठ संपलंय," ती म्हणाली. "बाजार उठायच्या आत जा."

तो गेला. आणि पुन्हा काही त्याला धीर झाला नाही.

माघात टुसुबाला गेली. चितेवर आईच्या तोंडाला अग्नी देताना नीबारणचे ओठ हलत होते. ज्वाळा उठल्यावर लोक मागं सरले, तरी तो तिथंच वाकून पुटपुटत होता. जमलेल्यांना वाटलं, मंत्र म्हणतोय. चपला जवळ होती. तिनं ऐकलं, "मा, मी त्या वेळी..." आणि तिनं पदर तोंडात कोंबला.