वृंदा आणि चिनी कपाट

डेक्लनचा फोन आला तेव्हा मी ल्यूकनच्या बसस्टॉपवर उभी होते. "सकाळी गेली ती. शांतपणे," तो म्हणाला. कॅन्सर होता, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी बस आली आणि मी तशीच उभी राहिले. शांतपणे... वृंदाच्या आयुष्यात हा शब्द फार उशिरा आला.

ती पुण्याहून शिकायला आली आणि इथल्या नास गावात डेक्लनच्या वर्कशॉपमध्ये जुन्या चिनी फर्निचरचं लॅकर, वरचा चकचकीत लेप, दुरुस्त करायला राहिली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यापुढे एक काळं कपाट होतं. मूळचा तो लाकडी घडीचा पडदा. युरोपात कुणीतरी करवतीनं कापून त्याची दारं केलेली. लॅकरच्या थरांत कोरून, रंग भरलेल्या बायका, आणि करवत गेली तिथं कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाही. "बघ, कशा कापल्यात," ती म्हणाली. तिच्या गालावर, मानेवर डाग होते. मी विचारायच्या आतच म्हणाली, "हे लॅकर म्हणजे झाडाचा चीक गं, बिब्ब्याच्या जातीतला. अंगावर उततो." मी विश्वास ठेवला. तीन वर्षं ठेवला. तिचा नवरा समीर गणपतीत स्वतः मोदक वळायचा, आणि "असा नवरा मिळायला भाग्य लागतं" हे मी तिच्या तोंडावर म्हणायचे.

मग एकदा तिच्या वाटीतला चीक माझ्या मनगटाला लागला. दोन दिवसांनी लालभडक, पाण्यानं टच्च भरलेले फोड उठले. मी बघतच राहिले. तिचे डाग असे कधीच नव्हते. ते निळे असायचे, आणि त्यांत बोटं उमटलेली दिसायची. तडक तिच्या वर्कशॉपमध्ये गेले. मनगट तिच्यासमोर धरलं.

"उतलं की असं दिसतं, वृंदा. मग तुझं ते काय असतं?"

तिनं कपाटाच्या दारावर बोळा फिरवला. मग म्हणाली, "लवकर विचारलं असतंस तर..."

त्या दिवशी ती माझ्या घरी आली ती परत गेलीच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा समीर वर्कशॉपमध्ये शिरला. शेगडीत घालायच्या लाकडांजवळची कुऱ्हाड त्यानं उचलली. "हे लाकूड माझ्यापेक्षा जवळचं ना तुला?" पहिला घाव कपाटावर बसला, काळे ढलपे माझ्या तोंडावर उडाले. दुसऱ्या घावाला ती हात पसरून मध्ये गेली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटून पडली. मी नुसती किंचाळत होते. डेक्लननं त्याला मागून कव घातली, कुऱ्हाड सुटली, आणि वृंदानं उजव्या हातानं लाकडी हातोडा उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो पडला तरी ती मारतच होती. डेक्लन तिला ओढत ओरडला, "पुरे!"

"त्यानं कधी पुरे म्हटलं?" ती म्हणाली.

समीर तुरुंगात गेला. बोटं जोडता आली नाहीत. वर्षभरानं तीन बोटांच्या हातानं कपाट धरून तिनं ते पुरं केलं. पण हॉस्पिटलमधून कामावर परतल्या परतल्या तिनं आपलं टेबल फिरवून दाराकडे तोंड करून ठेवलं होतं. लॅकर घासायला खिडकीचा आडवा उजेड लागतो, बारीक ओरखडा त्यातच दिसतो. ती मात्र खिडकीकडे पाठ करून, दिवा लावून काम करायची. नजर दारावर. अशी कितीतरी वर्षं.

गेल्या हिवाळ्यात, उपचार थांबल्यावर, एका सकाळी ती डेक्लनला म्हणाली, "टेबल खिडकीकडे घेऊ या का?" दोघांनी ते फिरवलं. त्यानंतर एकदा मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. मी अगदी पाठीशी पोचले, तरी तिला कळलं नाही.

ती गेल्यावर, परवा पुन्हा वर्कशॉपमध्ये जाऊन आले. टेबल तसंच आहे, दाराकडे पाठ करून.